जीडीबीने डिव्हाइसची मेमरी वाचली की कर्नल कोसळतो: दोष कसा शोधायचा आणि दुरुस्ती कुठे करायची

प्रोग्राम एरवी नीट चालत असतो. ड्रायव्हरने एमॅप करून, म्हणजे प्रोग्रामच्या पत्त्यांत जोडून दिलेली डिव्हाइसची रजिस्टर्स तो वाचतो, त्यांत लिहितो, कुठे काही बिघडत नाही. मग कुणीतरी जीडीबी हा डीबगर जोडतं, ब्रेकपॉइंटवर थांबून रजिस्टरांचं अख्खं स्ट्रक्चर प्रिंट करायला जातं आणि कर्नल ऊप्स (स्वतःच्या आतल्या गंभीर चुकीची नोंद) देतो. कधी नुसता जीडीबी मरतो, कधी बोर्ड रीबूट होतो, कधी सगळं जागच्या जागी गोठतं. एम्बेडेड लिनक्सवर काम करणाऱ्यांना हा प्रश्न पुन्हा पुन्हा भेटतो आणि बहुतेक ठिकाणी "या प्रोग्रामला डीबगर लावायचा नाही" असा तोंडी नियम करून तो मिटवला जातो.

तसा तो मिटवू नये. यूजर-स्पेसमधून आलेल्या एका वाचनाने कर्नल पडत असेल तर दोष कर्नलमध्ये, ड्रायव्हरमध्ये किंवा बोर्डाच्या पॉवर-क्लॉकच्या मांडणीत आहे. जीडीबी फक्त त्या वाटेने गेला. ती वाट पीट्रेसची, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसमध्ये डोकावण्याची, परवानगी असलेल्या कुठल्याही प्रोसेसला मोकळी असते, म्हणजे आज डीबगरने पाडलेला कर्नल उद्या दुसरं कुणीही पाडू शकतं. आणि काही प्रकारांत कर्नल पडतही नाही, शेजारची मेमरी गुपचूप वाचली किंवा लिहिली जाते. ते जास्त वाईट.

आधी एक गोष्ट नक्की करून घ्या: हा खरंच क्रॅश आहे का? प्रोग्राम स्वतः हार्डवेअर वॉचडॉगला ठरावीक वेळाने टोचत असेल, तर ब्रेकपॉइंटवर तो थांबला की टोचणं थांबतं आणि मुदत संपली की बोर्ड रीसेट होतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की प्रिंट केल्यामुळे बोर्ड गेला. सीरियल कन्सोलवर ऊप्स किंवा पॅनिकची एकही ओळ न येता थेट बूटलोडर दिसायला लागला, तर पहिला संशय वॉचडॉगवर घ्या. ब्रेकपॉइंटवर काहीही न वाचता नुसतं थांबून पाहा, उत्तर मिळतं.

क्रॅश खरा असेल तर ट्रेस, म्हणजे कर्नल पडताना कुठल्या फंक्शनांत होता त्याची यादी, हाती लागलाच पाहिजे. उत्पादनातल्या बोर्डांवर पॅनिक_ऑन_ऊप्स बहुतेक १ असतं, त्यामुळे ऊप्स होताच मशीन रीबूट होतं आणि लॉग जातो. सीरियल कन्सोल लावा, किंवा रॅमऊप्स (लॉग रॅममध्ये जपून ठेवणारी सोय) चालू करून पुढच्या बूटनंतर पीस्टोअरमधून लॉग काढा. डेस्कवरच्या बोर्डावर पॅनिक_ऑन_ऊप्स तात्पुरतं ० करणं सगळ्यात सोपं.

मात्र ते ० केल्यावर दिसणारी एक गोष्ट अनेकांना भलतीकडे नेते. जीडीबी "किल्ड" होऊन मरतो, प्रॉम्प्ट परत येतो, वाटतं की निभावलं. मग थोड्या वेळाने मूळ प्रोग्राम अडकतो, आणि त्यानंतर पीएस कमांडसुद्धा लटकते. कारण असं: दुसऱ्या प्रोसेसची मेमरी वाचताना कर्नल त्या प्रोसेसचं एमॅप-लॉक वाचकाच्या नात्याने धरतो. ऊप्स झाला तेव्हा ते लॉक धरलेलंच होतं, आणि सोडणारा जीडीबी तर मेला. पुढे प्रोग्रामने एमॅप किंवा एमअनमॅप केलं की त्याला तेच लॉक लेखकाच्या नात्याने हवं असतं, ते कधीच मिळत नाही. लेखक रांगेत उभा राहिला की मागून येणारे वाचकही त्याच्यामागे थांबतात, आणि पीएस हा प्रत्येक प्रोसेसची कमांडलाइन वाचणारा असाच एक वाचक आहे. तेव्हा लटकलेल्या पीएसचा वेगळा तपास करू नका. लॉगमध्ये वर जाऊन पहिला ऊप्स शोधा, बाकी सगळं त्याचंच उरलेलं आहे.

आता वाचन जातं कुठून ते पाहू, कारण ट्रेस त्याशिवाय वाचता येत नाही. जीडीबी लक्ष्य प्रोसेसची मेमरी पीट्रेसच्या पीकडेटाने किंवा /प्रॉक/पीआयडी/मेम या फाइलमधून वाचतो. दोन्ही वाटा कर्नलमध्ये ॲक्सेस_रिमोट_व्हीएम या फंक्शनपाशी येतात. ते आधी नेहमीप्रमाणे त्या पत्त्याचं पेज (मेमरीचा सहसा ४ केबीचा तुकडा) मागतं. साधी रॅम असेल तर पेज मिळतं, कॉपी होते, काम संपतं. पण ड्रायव्हरने रिमॅप_पीएफएन_रेंज वापरून मॅप केलेल्या भागावर व्हीएम_आयओ आणि व्हीएम_पीएफएनमॅप असे झेंडे लागलेले असतात, तिथे पेज देण्याला सरळ नकार मिळतो. मग कर्नल पाहतो की त्या व्हीएमएच्या (प्रोसेसच्या पत्त्यांच्या त्या सलग पट्ट्याच्या) ऑपरेशन्समध्ये ॲक्सेस नावाचं फंक्शन दिलंय का. दिलं नसेल तर जीडीबीला "कॅनॉट ॲक्सेस मेमरी" एवढंच मिळतं आणि कुणाचं काही बिघडत नाही. दिलं असेल तर पत्ता, बफर आणि लांबी त्याच्या हवाली होते. ही सोय २००८ मध्ये, २.६.२७ कर्नलमध्ये आली. तिच्यासोबत आलेलं तयार फंक्शन म्हणजे जेनेरिक_ॲक्सेस_फिज: पेज टेबलमधून भौतिक पत्ता काढायचा, आयओरिमॅप_प्रॉटने तो कर्नलमध्ये तात्पुरता मॅप करायचा, मेमकॉपी_फ्रॉमआयओने वाचायचं, मॅपिंग सोडायचं. यूआयओ (यूजर-स्पेसमधून डिव्हाइस चालवण्याची चौकट), /डेव्ह/मेम (भौतिक मेमरी दाखवणारी फाइल) आणि सिस्-एफएसमधून मिळणारे पीसीआय रिसोर्स, तिघेही हेच फंक्शन वापरतात. आमच्या कामात दिसणारे बहुतेक क्रॅश या चार पावलांपैकी कुठल्यातरी एकावर होतात.

आपला पत्ता या प्रकारात मोडतो का, हे /प्रॉक/पीआयडी/एसमॅप्समध्ये त्या मॅपिंगखालच्या व्हीएमफ्लॅग्ज ओळीत दिसतं. तिथे "आयओ" आणि "पीएफ" ही दोन अक्षरी चिन्हं असतील तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. नसतील तर कारण दुसरीकडे शोधा.

जीडीबीला वगळूनही हा क्रॅश घडवता येतो, आणि तसा तो घडवावाच. डीडी कमांडला इनपुट म्हणून /प्रॉक/पीआयडी/मेम द्या, ब्लॉक साइज हवी ती, काउंट १, आणि स्किप बाइट्समध्ये मोजायला लावून पत्ता द्या. तेच वाचन, तोच ऊप्स, मध्ये डीबगर नाही. ड्रायव्हर लिहिणाऱ्याशी बोलताना याचा फार उपयोग होतो, "जीडीबीचंच काहीतरी असेल" हा मुद्दा तिथेच संपतो. इथे वाट मात्र बदलू नका. प्रोसेस_व्हीएम_रीडव्ही ही सिस्टम कॉल ॲक्सेस फंक्शनपर्यंत पोचतच नाही, ती अशा मॅपिंगवर फक्त एरर देते. तिने चाचणी केलीत तर सगळं ठीक असल्याचा खोटा दिलासा मिळेल.

आता ट्रेस. वरचं फंक्शन मेमकॉपी_फ्रॉमआयओ, त्याखाली जेनेरिक_ॲक्सेस_फिज, त्याखाली ॲक्सेस_रिमोट_व्हीएम, असा तो दिसला की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं फॉल्ट झालेल्या पत्त्यात असतं.

पत्त्याचे शेवटचे तीन हेक्स अंक शून्य असतील, म्हणजे फॉल्ट बरोबर पेजच्या सुरुवातीला झाला असेल, तर लांबीचा घोळ आहे. मूळ जेनेरिक_ॲक्सेस_फिज किती बाइट वाचायचे आहेत ते न पाहता फक्त एकच पेज मॅप करायचं आणि कॉपी मात्र मागितलेल्या पूर्ण लांबीची करायचं. समजा ८ केबीचा रजिस्टर-ब्लॉक आहे आणि त्यात ३९६८ या ऑफसेटवर २५६ बाइटचं स्ट्रक्चर आहे. पहिल्या पेजचे १२८ बाइट उरलेत, स्ट्रक्चरचा दुसरा अर्धा भाग पुढच्या पेजवर जातो. एकेक फील्ड प्रिंट केलं तर काहीच होत नाही, कारण चार-आठ बाइटांचं वाचन पेजची सीमा ओलांडत नाही. अख्खं स्ट्रक्चर प्रिंट केलं की जीडीबी २५६ बाइट एका दमात मागतो, पहिले १२८ नीट येतात आणि १२९ वा बाइट मॅप केलेल्या पेजच्या पलीकडच्या रिकाम्या पत्त्यावर पडतो. तिथेच ऊप्स. "कधी होतं, कधी होत नाही" ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते: तेच स्ट्रक्चर ऑफसेट ० वर असतं तर कुणाला कळलंही नसतं. ही चूक २०१५ मध्ये ४.० कर्नलच्या काळात दुरुस्त झाली. आता मॅप करायची लांबी, पेजमधला ऑफसेट धरून, पूर्ण पेजपर्यंत वाढवून घेतली जाते. व्हेंडरच्या बीएसपीसोबत (बोर्डासाठीच्या सॉफ्टवेअर संचासोबत) मिळालेला ३.१० किंवा ३.१४ चा कर्नल अजून चालवत असाल तर त्या फंक्शनमध्ये जाऊन आयओरिमॅप_प्रॉटला दुसरा आर्ग्युमेंट म्हणून नुसतं पेज_साइज जातंय का ते डोळ्यांनी पाहा. जात असेल तर एका ओळीचा बॅकपोर्ट (नवी दुरुस्ती जुन्या कर्नलवर आणणं) आहे.

फॉल्टचा पत्ता शून्याच्या जवळचा असेल, म्हणजे ४०९६ पेक्षा लहान, तर आयओरिमॅप_प्रॉटने नल परत दिला आणि तो कुणी तपासला नाही. तुम्हाला दिसतोय तो पत्ता म्हणजे नल अधिक पेजमधला ऑफसेट. ही तपासणी ४.१९ मध्ये, २०१८ साली घातली गेली. त्यानंतरच्या कर्नलवर क्रॅश होत नाही, जीडीबीला नकार मिळतो. पण नल का आला, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं सर्वात नेहमीचं उत्तर असं की मॅप केलेली गोष्ट डिव्हाइसची मेमरी नाहीच, ती रॅम आहे. ड्रायव्हर स्वतः वाटप केलेला डीएमए-बफर (डिव्हाइस थेट वाचतं-लिहितं ती मेमरी) रिमॅप_पीएफएन_रेंजने यूजर-स्पेसला देतो आणि सवयीने ॲक्सेससाठी जेनेरिक_ॲक्सेस_फिज लावतो. आयओरिमॅप मात्र सिस्टम रॅम मॅप करायला तयार होत नाही, एक्स८६ वरही नाही आणि आर्म६४ वरही नाही. म्हणजे पॅच घालून क्रॅश थांबला तरी तो बफर जीडीबीत कधीच दिसणार नाही.

याचं नीट उत्तर ड्रायव्हरमध्ये आहे. बफर सुट्या पेजांचा असेल तर तो व्हीएम_इन्सर्ट_पेजने मॅप करा. व्हीमॅलॉक_यूजरने घेतलेला असेल तर रिमॅप_व्हीमॅलॉक_रेंज आहेच. असं मॅपिंग व्हीएम_आयओ होत नाही, पेज नेहमीच्या वाटेने मिळतं आणि ॲक्सेस फंक्शनची गरजच राहत नाही. केमॅलॉकने घेतलेल्या मेमरीला हे चालणार नाही, स्लॅबची, म्हणजे केमॅलॉकच्या साठ्यातली, पेजं असं मॅपिंग स्वीकारत नाहीत, तिथे वाटपच बदलावं लागतं. कोहेरंट डीएमएच्या बफरला मॅपिंग बदलता येत नसेल तर स्वतःचं छोटं ॲक्सेस फंक्शन लिहा आणि ड्रायव्हरकडे असलेल्या कर्नल पत्त्यावरून साधी मेमकॉपी करा. ते लिहिताना काय सांभाळायचं ते पुढे आहे.

तिसरा प्रकार आर्म६४ चा, आणि यात लोक सर्वात जास्त गोंधळतात. लॉगमध्ये "अनएबल टू हँडल कर्नल रीड फ्रॉम अनरीडेबल मेमरी" असं येतं, पत्ता मात्र व्यवस्थित मॅप झालेला असतो. आर्म६४ ला आयओरिमॅप_प्रॉटची जोड २०२२ मध्ये, ६.० कर्नलपासून मिळाली. त्याआधी यूआयओ आणि /डेव्ह/मेमचं ॲक्सेस फंक्शन तिथे कंपाइलच होत नव्हतं, जीडीबीला नकार मिळायचा. म्हणून "जुन्या कर्नलवर क्रॅश नव्हता, नव्यावर आला" हे विधान खरं असतं, पण जुन्यावर वाचनही होत नव्हतं हे कुणी आठवून सांगत नाही.

क्रॅश का होतो? जेनेरिक_ॲक्सेस_फिज यूजरच्या पेज टेबल एंट्रीतून संरक्षणाचे सगळे बिट उचलतं आणि आयओरिमॅप_प्रॉटला देतं. आर्म६४ वर त्या बिटांत मेमरीचा प्रकार असतोच, शिवाय "हे पेज यूजरला वाचता येतं" हेही असतं. ते सगळं जसंच्या तसं वापरलं की कर्नलच्या पत्त्यांत यूजरचे हक्क असलेलं मॅपिंग तयार होतं. आर्मव्ही८.१ पासून प्रोसेसरमध्ये पॅन नावाचं संरक्षण आहे. यूजरला खुलं असलेलं पेज कर्नलने थेट वाचायला घेतलं की ते फॉल्ट देतं. म्हणून कोर्टेक्स-ए५३ किंवा ए७२ च्या बोर्डावर तोच कर्नल बिनतक्रार चालतो आणि ए५५ किंवा ए७६ वर पडतो. रास्पबेरी पाय ४ मध्ये ए७२ आहे, पाय ५ मध्ये ए७६. दोन बोर्डांवर एकाच इमेजची वेगळी वागणूक दिसली तर हार्डवेअर बदलून पाहण्यात वेळ घालवू नका, हे तपासा. दुरुस्तीचं तत्त्व सरळ आहे: यूजरच्या एंट्रीतून फक्त मेमरीचा प्रकार घ्यायचा, म्हणजे डिव्हाइस आहे, नॉन-कॅशेबल आहे की कॅशेबल, आणि हक्क मात्र कर्नलचे लावायचे. तुमच्या कर्नल-सोर्सच्या ट्रीमध्ये आर्म६४ चं आयओरिमॅप_प्रॉट हे करतं का ते पाहा. करत नसेल आणि कर्नल बदलणं हातात नसेल, तर ड्रायव्हरच्या ऑपरेशन्समधून ॲक्सेसची ओळ काढून टाका. जीडीबीला नकार मिळेल, मशीन उभं राहील.

चौथा प्रकार थोडक्यात, कारण तो ग्राफिक्स सोडून क्वचित दिसतो. भौतिक पत्ता काढल्यानंतर आणि वाचण्याआधी ड्रायव्हरने बफर दुसरीकडे हलवला, तर जुन्या पत्त्यावर आता भलत्याच कुणाची मेमरी असते. ५.१२ पासून (२०२१) मॅप केल्यानंतर एंट्री पुन्हा तपासली जाते आणि बदललेली दिसली तर काम पहिल्यापासून होतं. त्याहून जुना कर्नल असेल तर हा पॅचही घ्या.

ट्रेसमध्ये जेनेरिक_ॲक्सेस_फिज न दिसता तुमच्याच ड्रायव्हरचं फंक्शन दिसलं तर दोष तिथे, आणि तो बहुतेक सीमेचा असतो. ॲक्सेसला येणारी लांबी कर्नलने पेजपुरती किंवा व्हीएमएपुरती छाटलेली नसते. /प्रॉक/पीआयडी/मेमच्या वाटेने एका वेळी कमाल एक पेजभर लांबी येते, पण ती पेजच्या मध्यापासून सुरू होऊ शकते, म्हणजे मॅपिंगच्या शेवटाशी वाचायला घेतलं की ती बाहेर जाते. आय९१५ या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्येही नेमकी हीच तपासणी राहून गेली होती. २०२२ मध्ये ती घातली गेली. इतक्या डोळ्यांखालून जाणाऱ्या कोडमध्ये ती सुटते, तर आपल्या ड्रायव्हरमध्ये ती आहे असं गृहीत धरू नये.

नीट लिहिलेलं ॲक्सेस फंक्शन लहान असतं. येणाऱ्या पत्त्यातून व्हीएमएची सुरुवात वजा करा, त्यात पेजऑफ (मॅपिंग बफरच्या कितव्या पेजपासून सुरू होतं तो आकडा) बाइट्समध्ये करून मिळवा, म्हणजे बफरमधला ऑफसेट मिळतो; पेजऑफ विसरला की मॅपिंग मधूनच सुरू करणाऱ्या प्रोग्रामला चुकीचा डेटा दिसतो. ऑफसेट बफरबाहेर असेल तर एरर. लांबी बफरच्या शेवटापर्यंत, व्हीएमएच्या शेवटापर्यंत आणि चालू पेजच्या शेवटापर्यंत, या तिन्हींत जे सर्वात कमी त्यावर छाटा. मागितल्यापेक्षा कमी बाइट परत देणं पूर्ण चालतं: वरचं फंक्शन मिळालेले बाइट मोजून उरलेल्यांसाठी पुन्हा बोलावतं. म्हणून एका वेळी एकच पेज हाताळा, सीमेचे निम्मे प्रश्न तिथेच संपतात. लिहिण्याची परवानगी द्यायची का, हे स्वतंत्रपणे ठरवा. माझं मत स्पष्ट आहे: रजिस्टरांसाठी डीबगरकडून लिहिणं बंद ठेवा, लिहायचा झेंडा आला की एरर द्या. ज्याला खरंच लिहायचं आहे तो प्रोग्राममधून लिहू शकतो.

इथपर्यंतचे दोष सॉफ्टवेअरचे होते. लॉगमध्ये "सिंक्रोनस एक्स्टर्नल अबॉर्ट" किंवा "एसएरर इंटरप्ट" दिसलं, किंवा काहीच न दिसता बोर्ड गोठला, तर पेज टेबलं बरोबर आहेत आणि प्रश्न बसच्या पलीकडे आहे. वाचनाची मागणी डिव्हाइसपर्यंत गेली, पण तिकडून उत्तर आलं नाही. बहुतेक वेळा त्या ब्लॉकचा क्लॉक बंद असतो किंवा पॉवर डोमेन झोपलेलं असतं. एक्स८६ वर पीसीआय डिव्हाइस असं गप्प बसलं तर सहसा सगळे बिट १ असलेली व्हॅल्यू परत येते आणि काम पुढे चालतं, त्यामुळे पीसीवर वाढलेल्या डेव्हलपरला बोर्डावरचा हा मृत्यू अनपेक्षित असतो. अनेक आर्म एसओसींवर (प्रोसेसर आणि डिव्हाइसं एकाच चिपवर असलेल्या) तोच प्रकार थेट अबॉर्ट होतो, काहींवर बस उत्तराची वाट पाहत बसते आणि सीपीयूच अडकतो.

फक्त डीबगरमध्येच हे का व्हावं? कारण थांबलेला प्रोग्राम. चालू असताना तो थोड्या थोड्या वेळाने ड्रायव्हरकडे काहीतरी काम सांगत असतो, त्यामुळे रनटाइम पीएम (वापर नसलेलं डिव्हाइस झोपवणारी कर्नलची व्यवस्था) डिव्हाइसला जागं ठेवतं. ब्रेकपॉइंटवर प्रोग्राम थांबतो, पण ऑटोसस्पेंडचा टायमर कर्नलमध्ये आहे, तो चालूच राहतो. तुम्ही सोर्स वाचत असता, तेवढ्यात डिव्हाइस झोपतं, क्लॉक बंद होतो. मग तुम्ही प्रिंट करता. ब्रेकपॉइंट लागताक्षणी वाचलं तर व्हॅल्यू मिळते, थोडं थांबून वाचलं तर बोर्ड मरतो: अशी वागणूक दिसली की कारण जवळजवळ नक्की हेच.

खात्रीसाठी सिस्-एफएसमधल्या त्या डिव्हाइसच्या पॉवर/कंट्रोल फाइलमध्ये "ऑन" लिहा. रनटाइम सस्पेंड बंद होतं. क्रॅश थांबला तर निदान झालं. क्लॉकची अवस्था डीबग-एफएसमधल्या क्लॉक समरीमध्ये पाहता येते. डिव्हाइसला ड्रायव्हरच नसेल आणि क्लॉक बूटच्या शेवटी "न वापरलेला" म्हणून बंद होत असेल, तर कर्नल कमांडलाइनवर क्लॉक_इग्नोर_अनयूज्ड देऊन पाहा. ही दोन्ही निदानाची साधनं आहेत, ती उत्पादनात सोडू नका. कायमची दुरुस्ती म्हणजे ड्रायव्हरच्या ओपनमध्ये पीएम_रनटाइमची पकड घेणं आणि रिलीजमध्ये सोडणं. प्रोग्रामने एमॅपनंतर फाइल डिस्क्रिप्टर बंद केला तरी मॅपिंग स्वतः फाइलचा संदर्भ धरून असतं, रिलीज शेवटचं मॅपिंग गेल्यावरच होतं, त्यामुळे ही पकड मध्येच सुटत नाही. यूआयओचा पीडीआरव्ही-जेनआयआरक्यू ड्रायव्हर हे आधीपासूनच करतो.

/डेव्ह/मेमच्या बाबतीत मात्र हे शक्यच नाही. तिथे कर्नलला कळतही नाही की अमुक पत्ता म्हणजे अमुक डिव्हाइस, मग तो जागं कुणाला ठेवणार? रजिस्टरं पाहण्यापुरतं /डेव्ह/मेम वापरणं समजू शकतं. पण त्यावर उभा केलेला प्रोग्राम डीबगरखाली कोसळतोय अशी तक्रार असेल, तर पॅच शोधण्यात वेळ न घालवता तो यूआयओवर न्या. डिव्हाइस ट्रीमध्ये एक नोड आणि प्रोग्राममध्ये ओपनचा बदल, काम एवढंच असतं.

आणखी एक हार्डवेअरचा भाग, जो कमी लोकांना माहीत असतो: वाचनाची रुंदी. तुमचा प्रोग्राम ३२ बिटांच्या व्होलाटाइल पॉइंटरने वाचतो, म्हणजे बसवर एक चार बाइटचं वाचन होतं. जीडीबीने तेच चार बाइट मागितले की ते मेमकॉपी_फ्रॉमआयओमधून जातं, आणि आर्म६४ वर ते फंक्शन आठ बाइटांचे तुकडे करतं, सुरुवातीला किंवा शेवटी उरलेले एकेक बाइट वाचतं. चार बाइटांचं रजिस्टर म्हणजे एकेक बाइटाची चार वाचनं. मोठं स्ट्रक्चर म्हणजे आठ-आठ बाइटांची वाचनं. ज्या आयपीला (चिपमधल्या हार्डवेअर ब्लॉकला) फक्त ३२ बिटांचं वाचन समजतं ती यावर कचरा देते किंवा अबॉर्ट देते. प्रोग्राम बरोबर, जीडीबीतली व्हॅल्यू चूक, असा अनुभव आला असेल तर त्याचं मूळ इथे असू शकतं. उपाय दोन: ड्रायव्हरच्या ॲक्सेस फंक्शनमध्ये चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावरच्या वाचनाला रीडएल (३२ बिटांचं एकच वाचन) वापरा. किंवा प्रोग्राममध्येच ऑफसेट घेऊन रजिस्टर वाचणारं एक छोटं फंक्शन ठेवा आणि जीडीबीतून ते कॉल कमांडने चालवा. दुसरा उपाय मला अधिक आवडतो. वाचन योग्य रुंदीने, प्रोग्रामच्याच मॅपिंगमधून होतं, आणि सिंक्रोनस अबॉर्ट आलाच तर तो प्रोग्रामला सिगबस सिग्नल म्हणून मिळतो, कर्नल त्यात पडत नाही.

रजिस्टर वाचणं म्हणजे नुसतं पाहणं नव्हे, हे इथेच सांगायला हवं. १६५५० यूआर्टचं डेटा रजिस्टर वाचलं की फिफोतला एक बाइट निघून जातो, लाइन स्टेटस रजिस्टर वाचलं की त्यातले एरर बिट पुसले जातात. आयडीईची (कोड लिहायच्या-डीबग करायच्या साधनाची) व्हेरिएबल्सची खिडकी प्रत्येक स्टेपला हे सगळं पुन्हा वाचते. बेस पॉइंटर बाइटचा, म्हणजे कॅरेक्टर पॉइंटर म्हणून लिहिलेला असेल तर जीडीबी त्याला स्ट्रिंग समजतो आणि न मागता २०० बाइटांपर्यंत वाचत जातो, नल बाइट भेटेपर्यंत. म्हणून बेस पॉइंटर नेहमी ३२ बिटांच्या व्होलाटाइल प्रकाराचा ठेवा. शिवाय जीडीबीच्या मेम कमांडने तो पत्त्यांचा पट्टा "डब्ल्यूओ" म्हणजे फक्त लिहिण्याजोगा जाहीर करा. मग जीडीबी स्वतःच त्यावर वाचन करत नाही, आयडीईने मागितलं तरीही नाही. प्रोजेक्टच्या जीडीबी-इनिट फाइलमध्ये ही ओळ असली की नवा माणूसही सुरक्षित राहतो, फक्त मॅपिंगचा पत्ता दर वेळी बदलत असेल तर तो ब्रेकपॉइंटच्या कमांड्समधून भरावा लागतो.

केजीडीबी, म्हणजे खुद्द कर्नलसाठीचा डीबगर, वापरणाऱ्यांसाठी दोन ओळी. तो कर्नलचे पत्ते नोफॉल्ट पद्धतीने वाचतो, त्यामुळे मॅप नसलेला पत्ता दिला तर फक्त एरर येते. पण ही पद्धत पेज फॉल्ट झेलते, बसवरचा अबॉर्ट झेलत नाही. झोपलेल्या डिव्हाइसच्या आयओरिमॅप पत्त्यावर केजीडीबीही मशीन पाडू शकतो, तेव्हा आधी /प्रॉक/व्हीमॅलॉकइन्फोमध्ये तो पत्ता आयओरिमॅपचा आहे का ते पाहा. /प्रॉक/केकोअरमधून वाचलं तर आयओरिमॅपचा भाग मुद्दाम शून्यांनी भरून दिला जातो. तिथे दिसणारी शून्यं रजिस्टरची व्हॅल्यू म्हणून बग रिपोर्टमध्ये लिहू नका.

दुरुस्ती झाल्यावर तपासणी डीडीनेच करा. पेजच्या सीमेच्या आधीच्या १६ बाइटांपासून ३२ बाइट वाचा, डेटा प्रोग्रामला दिसतो तोच असला पाहिजे. ज्या रजिस्टरांना वाचनाचा परिणाम होतो ती यासाठी टाळा. मॅपिंगच्या अगदी शेवटच्या आठ बाइटांपासून ६४ बाइट मागा: आठ बाइट किंवा एरर, दोन्ही चालेल, ६४ आले तर सीमा अजून उघडी आहे. मग पॉवर/कंट्रोल पुन्हा "ऑटो" करा, प्रोग्राम ब्रेकपॉइंटवर थांबवा, ऑटोसस्पेंडची मुदत उलटू द्या आणि पॉवर/रनटाइम_स्टेटस पाहा. ड्रायव्हरने पकड नीट घेतली असेल तर तिथे "ॲक्टिव्ह" दिसेल. दिसलं तरच जीडीबीतून वाचा. शेवटी डीमेसेगमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) नवा ऊप्स नाही ना आणि पीएस लगेच परत येतो ना हे पाहून पॅनिक_ऑन_ऊप्स परत १ करा.